चहाची शाई

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. माझ्या आईचं हिमोग्लोबिन आठाच्या वर सरकायलाच तयार नव्हतं. लालबागच्या चाळीत आम्ही दोघीच राहायचो. बाबा मी शाळेत असतानाच गेले होते, आणि आई घरी मशीनवर ब्लाउज शिवून घर चालवत होती. त्या वर्षी मात्र मशीन चालवता चालवता ती मध्येच थांबायची आणि कापडावर डोकं टेकवून बसायची. दुसऱ्या मजल्यावर चढून आली की दारातच खाली बसायची.

परळच्या एका इस्पितळात तिचे उपचार चालू होते. तिथल्या डॉक्टरबाई दर वेळी विचारायच्या, "मावशी, लोहाच्या गोळ्या वेळेवर घेताय ना?"

"एक पण चुकवूक नाय," आई सांगायची. ते खरंच होतं. डब्यातल्या गोळ्या मी स्वतः बघायचे.

डॉक्टरबाईंनी तिला चहा कमी करायलाही सांगितलं होतं. पण आईचं म्हणणं, डॉक्टर म्हटला की चहा बंद करायला सांगणारच. पाण्याबरोबर गोळी घेतली की तिला मळमळायचं, म्हणून ती रोज दुपारी जेवण झालं की कपभर कडक चहा करायची आणि त्याच्याबरोबर गोळी गिळायची. मी समोर बसून हे बघत होते. रसायनशास्त्राची विद्यार्थिनी असून माझ्या डोक्यात काही म्हणता काही आलं नाही.

मग एका शुक्रवारी कॉलेजात प्रॅक्टिकल होतं. दिलेला पदार्थ ओळखायचा होता. परीक्षानळीत फेरिक क्लोराईडचे, म्हणजे लोहाच्या क्षाराचे, दोन थेंब टाकले आणि पाणी झटकन निळंकाळं झालं. मी वहीत नोंद करत होते, तेवढ्यात आमच्या मॅडम मागून म्हणाल्या, "यात विशेष काही नाही गं. घरी चहात लोखंड गेलं तरी असंच होतं. पूर्वी शाई अशीच करायचे. चहातलं टॅनिन लोहाला घट्ट धरून ठेवतं."

माझा हात वहीवरच थांबला.

"मॅडम, आणि पोटात? पोटात पण धरतं?"

"धरतं की. मग ते लोह शरीराला मिळतच नाही फारसं."

प्रॅक्टिकल कधी एकदा संपतंय असं झालं मला. कॉलेजपासून घरापर्यंत मी जवळजवळ धावतच आले. आई काजं-बटणं करत बसली होती. मी चपला काढल्या न काढल्या आणि ओट्यावर बिनदुधाचा चहा उकळायला ठेवला.

"काय झाला गो? इतकी घाई कसली?"

"तू फक्त बघ."

तिची एक गोळी कुटली, वरचं लाल आवरण बाजूला काढलं, आतली भुकटी कोमट पाण्यात ढवळली आणि स्वच्छ फडक्यातून गाळून घेतली. काचेच्या ग्लासात फिकट, जवळजवळ बिनरंगी पाणी होतं. आईला शेजारी उभं केलं आणि त्यात चमच्याने गाळलेला चहा सोडला.

ग्लासात काळे लोट उठले. दुसऱ्या चमच्याला तर दौतीतली शाईच झाली.

आई दोन पावलं मागे सरली. "अगो बाय माझे! ह्या माझ्या पोटात जाता?"

"हेच. गोळीतलं लोह चहा पकडून ठेवतो. रक्तापर्यंत जाऊच देत नाही."

मग मी अर्धं लिंबू पिळलं. काळा रंग हळूहळू फिका पडत गेला. "लिंबू लोहाला चहाच्या तावडीतून सोडवतं," मी म्हटलं. प्रयोगशाळेत असले रंग मी डझनावारी बघितले होते, पण घरच्या ग्लासात हा पहिलाच. आई ग्लास उजेडात धरून कितीतरी वेळ फिरवून बघत राहिली.

"सहा महिने माका सगळे सांगत होते," ती म्हणाली. "पण दाखवला कोणी नाय."

दुसऱ्या दिवसापासून गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर सुरू झाली. त्याने मळमळही कमी झाली. चहा तिने सोडला नाही, पण जेवणानंतर दोन तास घड्याळाकडे बघत बसायची आणि मगच आधण ठेवायची.

पुढे जे झालं ते मात्र माझ्या हाताबाहेरचं होतं. आईने शेजारच्या काकूंना सांगितलं, आणि आठवड्याभरात अख्ख्या मजल्यावर बातमी झाली की चहाने रक्त काळं होतं! काकूंनी चहा एकदम बंद केला आणि तिसऱ्या दिवशी कपाळाला फडकं बांधून आमच्या दारात उभ्या.

"तुझ्या त्या प्रयोगाने माझं डोकं फुटायची वेळ आली!"

चहातल्या कॅफिनची शरीराला सवय लागते, ते अचानक तोडलं की डोकं दुखतं, हे त्यांना समजावलं. अर्धा कप करून दिला. तासाभराने फडकं सुटलं. मग रविवारी सकाळी मी गॅलरीतच स्टूल मांडलं आणि सगळ्या बायकांसमोर प्रयोग पुन्हा करून दाखवला. रक्त काळं होत नाही, गोळी वाया जाते, एवढं मला तीन-तीनदा सांगावं लागलं. काळा रंग चढला तेव्हा सगळ्या एकदम "अय्या!" करून ओरडल्या. मी आयुष्यात शिकवलेला तो पहिला तास.

तीन महिन्यांनी आईचा रिपोर्ट आला, साडेदहा. डॉक्टरबाईंनी चष्मा वर करून कागद परत वाचला.

"मावशी, काय केलंत?"

मी तोंड उघडणार होते, पण आईने माझा हात दाबला. खुर्ची पुढे ओढली आणि एकीकडे हातांनी ग्लास, चमचा, लिंबू सगळं हवेत मांडत तिने डॉक्टरबाईंना पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. टॅनिनला ती 'ट्यानीन' म्हणत होती. डॉक्टरबाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, "पोटाची सोनोग्राफी मात्र करून घ्यायची हं, रक्त कमी कशाने झालं तेही बघायला हवं." आई लगेच हो म्हणाली.

बाहेर बाकावर नंबर लावून बसलेल्या एका बाईच्या हातात तसल्याच लाल गोळ्यांचं पाकीट होतं. आई सरळ तिच्या शेजारी जाऊन बसली.

"बाय, गोळी कशाबरोबर घेतंस?"