सुमतीमावशींच्या आजोबांचं गीत

गाण्याच्या प्रॅक्टिसला माणसं जमली की गाणं होतं अर्धा तास आणि किस्से दोन तास. आमचंही तसंच! इथे परदेशात, टाकानिनी या उपनगरातल्या एका भाड्याच्या हॉलमध्ये आम्ही सात मराठी ख्रिस्ती मंडळी दर रविवारी दुपारी गातो. शेवटचं गीत ठरलेलं. ते शंभर वर्षांपूर्वी सुमतीमावशींच्या आजोबांनी लिहिलं. ते नगरकडच्या एका खेड्यात शिक्षक होते, दानियेल मास्तर. मावशी आता अठ्ठ्याहत्तरच्या. म्हणजे गीताच्या मालकीणबाई त्याच!

*

मास्तरांना गीत सुचलं भर वर्गात. कागद नव्हता, म्हणून हजेरीपुस्तकाच्या मागच्या पानावर उतरवलं. नेमके त्याच आठवड्यात तपासणीला साहेब आले. पान उलटून गरजले, "मास्तर, हजेरीत देव कुठून आला?"

मास्तर म्हणाले, "साहेब, अख्ख्या वर्गात तोच एक रोज हजर असतो!"

साहेबांनी म्हणे मुकाट्याने सही केली.

*

आमच्या छापील पुस्तकात मात्र या गीताखाली 'कवी अज्ञात'. मावशींना ते फार लागायचं. एका रविवारी पुस्तकं उघडली, तर सगळ्या प्रतींत 'अज्ञात' खोडून कापऱ्या अक्षरात 'दानियेल मास्तर'!

मी म्हटलं, "मावशी, पुस्तकात खाडाखोड?"

"खाडाखोड नाही गं, शुद्धलेखन!"

*

मावशींची नात रिया इथेच जन्मलेली. मराठी कळतं, वाचता येत नाही. तिने गीत इंग्रजी अक्षरांत लिहून घेतलं आणि खड्या आवाजात सुरू केलं, "उभा मी तुझ्या डेअरी..."

'दारी'चं 'डेअरी'! आणि इथे डेअरी म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान. मावशी थांबल्या. "आता उभाच आहेस, तर येताना ब्रेड घेऊन ये म्हणावं!"

रिया म्हणाली, "स्वीट अ‍ॅज, आजी!" म्हणजे इथल्या बोलीत 'चालेल की'!

*

गेल्या हिवाळ्यात मावशींना पक्षाघाताचा झटका आला. हातपाय वाचले, पण बोलणं गेलं. ओठ हलायचे, शब्द यायचा नाही. इतकी बोलकी बाई भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. आम्ही सहाजण दुपारी हॉस्पिटलमध्ये गेलो. हळू आवाजात तेच गीत धरलं.

दुसऱ्या कडव्याला सातवा आवाज आला.

मावशी गात होत्या! चारही कडवी, एकही शब्द न चुकता. मी इतकी वर्षं नर्स आहे, पण बोलणं गेलं तरी कधीकधी गाणं शाबूत राहतं, हे नुसतं ऐकून होते. आमचा तबलजी प्रकाश तर लहान मुलासारखा रडत होता. "मावशी, बोला ना! अजून काहीतरी बोला!"

मावशींनी प्रयत्न केला. एक अक्षर फुटेना. डोळे भरून आले. त्यांनी ते मिटले. मग आजोबांच्या त्याच चालीत, अगदी सुरात गायल्या,

"प्रकाशा रे, चहा आण... इथला फार पाणचट!"