स्टेडियमखालचा चेडोबा

विठा,

मेलेल्या बाईला पत्र लिहिणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. पण फोनवर तुझ्याशी नीट बोलले नाही, तेव्हा आता ऐक.

बदलापूरच्या त्या स्टेडियमच्या जागी तुमची भातशेती होती. बांधाच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात शेंदूर फासलेला दगड, तुमचा चेडोबा, शेताचा राखणदार. त्याला नारळ दिल्याशिवाय घरात नवा तांदूळ शिजत नसे. मग जमीन गेली, चार फूट मुरूम पडला, दगड खालीच राहिला. आणि तू त्याच मैदानावर झाडूवाली म्हणून लागलीस.

तिथे काय झालं ते तुझ्या सुपडीत दिसायचं. कबड्डी झाली की बाटल्या, नवरात्रात टिकल्या नि मोडक्या दांडिया, साड्यांच्या सेलनंतर हँगर. मतमोजणीचा गुलाल तर आठवडाभर निघेना. पुराच्या वर्षी हॉलमध्ये माणसं झोपली, त्यांची ओली अंथरुणं तूच उचललीस.

मी सकाळी फेऱ्या मारायला यायचे. दर दिवाळीआधी तू नारळ फोडायचीस, दर वर्षी नव्या जागी. एकदा गोलपोस्टपाशी, एकदा लांब उडीच्या खड्ड्यात. वॉचमन खेकसायचा.

"कुठेही फोड ना एकदाचा!" मी वैतागले.

"कुरिअरवाल्याला पत्ता लागतो, बाई, नि देवाला नको?"

तुझा नवरा कैलास गेला तो चेडोबा उपाशी म्हणून, असं तुझं म्हणणं. मी तोंडावर सांगितलं, दारूने गेला. तू रागावली नाहीस. "आता किर्तीच राहिलेय," एवढंच म्हणालीस. एकुलती लेक.

तेव्हा मी फुशारकी मारली. तीस वर्षं भूगोल शिकवलाय, मोजणीचा जुना नकाशा काढते, पावलांनी मोजून बांधाचा कोपरा दाखवते. तू गट नंबर तोंडपाठ म्हटलास, मी पाकिटावर उतरवला.

दोन वर्षं गेली. करोनात त्याच हॉलमध्ये खाटा आल्या. आधी तू तिथे झाडलंस, मग तिथेच पडलीस. दम पुरत नव्हता, तरी फोनवर हसलीस.

"बाई, आमच्याच शेतात झोपलेय. नकाशा काढलास?"

"आधी बरी हो. प्रयत्न चाललेत."

खोटं. मोजणी कार्यालयाची पायरीसुद्धा चढले नव्हते. तिसऱ्या दिवशी तू गेलीस, आणि त्यानंतर तर मला विचारणारंच कुणी उरलं नाही.

आता सोमवारी तिथे धावपट्टीचं काँक्रीट पडणार आहे. काल संध्याकाळी किर्ती नारळ घेऊन दारात उभी. "आई म्हणायची, जागा बाईंना ठाऊक आहे."

पाकीट सापडलं. गट नंबर आहे, नकाशा नाही. नारळ ती माझ्या टेबलावर ठेवून गेली. आज शनिवार, उद्या रविवार, कार्यालय बंद.