रेडिओच्या वहिनी

रेडिओच्या वहिनींना कुठलीही गोष्ट एकटीनं करता यायची नाही. तांदूळ निवडायचे झाले तरी सूप घेऊन ओट्यावर येणार आणि जाणाऱ्या-येणाऱ्या बाईला हाक मारून शेजारी बसवून घेणार. राजूरला आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. त्यांचा नवरा पाटबंधारे खात्यात, भंडारदऱ्याच्या धरणावर. आणि घरात अख्ख्या गल्लीतला एकुलता एक विजेवरचा रेडिओ! आता मला सांगा, अशा शेजारणीवर जळू नये तर काय करावं?

मी जळत होते. अगदी सरळ सांगते.

दिवेलागण झाली की त्यांच्या घरात माणसं जमायची. रेडिओवर भरतकामाचा रुमाल, तो बाजूला सारून वहिनी बटण फिरवायच्या. पण त्या वेळचं आमच्याकडचं व्होल्टेज म्हणजे दमेकऱ्याचा श्वास. बल्ब लालसर मिणमिणायचा आणि रेडिओ पुटपुटायचा. मग वहिनी त्याला कान लावून बसायच्या आणि बातमी असो की गाणं, ऐकून मोठ्यानं सगळ्यांना सांगायच्या. म्हणायच्या, "एकट्यानं ऐकलं तर नुसता आवाज, चौघांनी ऐकलं तर गाणं."

आमच्या घरातून पहिल्या जायच्या त्या सासूबाई. मी भाकरी थापत असायचे आणि त्या काठी टेकत निघायच्या.

"कुठं चाललात, आत्याबाई?"

"वहिनीकडं. तिथं मानूस बोलतं तरी."

म्हणजे मी माणूस नव्हते! लग्न होऊन आल्यापासून मी त्यांचे पाय चेपले, पथ्यपाणी केलं, दुखण्यात रात्रंदिवस उशाशी बसले. त्यांच्या तोंडून एकदा "बरं केलंस गं" एवढं निघालं असतं, तर मी त्यावर जन्म काढला असता. ते कधी निघालं नाही. आणि ज्या बाईनं त्यांना साधा पाण्याचा तांब्या भरून दिला नाही, तिच्याकडे त्या रोज गप्पा मारायला. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एकदा वैशाखात संध्याकाळी जोराचं वारं सुटलं. माझी भाकरी तव्यावर होती, इतक्यात बल्ब एकदम लखलखला. इतका, की भिंतीवरच्या पाली दिसायला लागल्या. सगळी गल्ली बाहेर आली. "आज लाईट झकास आली हो!" जो तो दुसऱ्याला सांगत होता. वहिनी तर टाळ्या वाजवत माझ्या दारात. "मास्तरीणबाई, भाकऱ्या राहू द्या. आज रेडिओ मोकळ्या गळ्यानं गाणार, या!"

आमचे हे शाळेत मास्तर, म्हणून मी मास्तरीणबाई. मीसुद्धा गेले. खोटं कशाला बोलू, तसं गाणं मी त्याआधी ऐकलंच नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "आज तं बाई समूर बसून म्हनतीय." वहिनींनी आवाज अजून वाढवला. एवढा उजेड बरा नव्हे, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. वर्षानुवर्षं वाट बघितलेला पाहुणा दारात आल्यावर त्याला परत फिर कोण म्हणणार?

मग रेडिओतून तडतड आवाज आला, बल्ब फाटकन फुटला आणि रेडिओच्या मागून धूर निघाला. "हात लावू नका!" हे ओरडले. बटण बंद केलं, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी वायरमन म्हणाला, "वाऱ्यानं न्यूट्रलची तार तुटली, म्हनून व्होल्टेज डबल झालं हुतं." वहिनींचा नवरा रेडिओ मांडीवर घेऊन एसटीनं संगमनेरला गेला आणि तसाच मांडीवर घेऊन परत आला. आतला ट्रान्सफॉर्मर जळाला होता, व्हॉल्व्ह गेले होते. मेकॅनिकनं सांगितलं, दुसरा घ्या.

आमच्याकडे दुःखाच्या घरी चूल पेटू देत नाहीत, शेजारीपाजारी पिठलं-भाकरी नेतात. गल्लीतल्या बायांनी खरोखर पिठलं-भाकरी नेली! वहिनी रडता रडता हसायला लागल्या. "अगं बायांनो, रेडिओचं सुतक धरता का?" आणि सगळ्यांना बसवून घेऊन जेवल्या.

मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण खरं तर मनातून उकळ्या फुटत होत्या. ह्यांच्या मागे लागून मी सेलवरचा ट्रान्झिस्टर आणवला. संध्याकाळी सासूबाईंच्या उशाशी ठेवला आणि म्हटलं, "ऐका आता, आत्याबाई. घरबसल्या."

त्यांनी थोडं ऐकलं. "लई किरकिर करतंय," म्हणाल्या आणि काठी घेऊन निघाल्या. कुठं? तर वहिनींच्या बंद रेडिओपुढे बसायला! तिथं रुमाल पुन्हा जागेवर आणि वहिनी त्याच्या शेजारी बसून जुनी गाणी, ऐकलेल्या गोष्टी आठवून आठवून सांगत होत्या. भिंतीपलीकडे हसण्याचा नुसता गदारोळ. मी ट्रान्झिस्टरचा आवाज वाढवला. तिकडे सगळे आणखी मोठ्यानं हसले. शेवटी माझेच सेल संपले.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांची बदली झाली. सुटले एकदाची, असं म्हणत मी स्टँडवर पोचवायला गेले. गाडी लागली तशी वहिनींनी माझा हात धरला.

"मास्तरीणबाई, तुमच्याशी बसणं राहूनच गेलं. पण तुम्ही मला पाठ आहात."

"ते कसं काय?"

"आजी रोज तुमचंच सांगायच्या. माझ्या सुनेच्या हाताला चव हाय म्हणायच्या. दुखण्यात लेकीनं केलं नसतं तेवढं तिनं केलं म्हणायच्या. रेडिओ जळाल्यावर तर माणसं पांगली की आम्हा दोघींचा तोच कार्यक्रम."

मी त्यांचा हात सोडेना. "मग मला का नाही कधी म्हणाल्या?"

"अहो, सुनेला तोंडावर म्हणतात का? दृष्ट लागते म्हणायच्या."

कंडक्टरनं घंटी दिली. वहिनी आत जाऊन खिडकीत बसल्या. मी गाडीबरोबर चालायला लागले. "वहिनी, आणखी काय म्हणायच्या?"

"पुष्कळ आहे हो! एका बैठकीत व्हायचं नाही!" त्या हसत ओरडल्या आणि गाडी वळणावर गेली.

घरी आले तर सासूबाई उंबऱ्यात बसलेल्या. "गेली का?" त्यांनी विचारलं. मी "गेली" म्हटलं आणि त्यांच्या शेजारी बसले. बोलतील म्हणून बराच वेळ बसले. त्या गल्लीकडे बघत राहिल्या.

वहिनींच्या पुढेही बदल्या होत गेल्या आणि त्या कुठं स्थायिक झाल्या ते कळलं नाही. सासूबाई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. शेवटपर्यंत तोंडावर एक शब्द काढला नाही त्यांनी. लेकी मला हसतात, "आई, आता या वयात कसली जळतेस?" जळू नको तर काय करू? माझ्या सासूनं केलेलं माझं सगळं कौतुक त्या बाईनं ऐकलंय, आणि मला त्यातली दोनच वाक्यं मिळाली.