वर येताना श्वासाचं काय करायचं

माझी मैत्रीण शैला गेल्याची बातमी मला माझ्या मुलीने फोनवर दिली. मृण्मयी कोकणातल्या एका किनाऱ्यावरच्या सरकारी दवाखान्याच्या ओट्यावर बसली होती आणि मी इकडे धुळ्यात, देवपूरच्या घरी, शाळेचे पेपर तपासत होते. “आई, मावशी गेली. मला वर ढकललं आणि ती गेली,” एवढंच ती बोलली. पुढे नुसता वाऱ्याचा आवाज येत राहिला... दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळींची बातमी होती. पोहता न येणाऱ्या पर्यटक महिलेचा समुद्रात बुडून मृत्यू.

पोहता न येणारी! रावेरकडच्या केळीच्या मळ्यातल्या विहिरीत ती लहानपणीच पोहायला शिकली. भावांच्या आधी उडी मारायची. कॉलेजात जळगावच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहायचो, तेव्हा ती पहाटे उठून पोहण्याच्या तलावावर जायची आणि ओल्या केसांनी परत येऊन मला उठवायची. पुढे त्याच तलावावर ती शिकवायला लागली आणि लग्न न करता तिथेच रमली. जळगावातल्या किती घरांतल्या आई आणि मुली तिच्या हाताखाली पोहायला शिकल्या, कुणी मोजलं नसेल. मृण्मयीही त्यातलीच. दर उन्हाळ्यात मी तिला शैलाकडे सोडायचे.

शैलाची शिकवण्याची रीत कडक होती. पालक घाई करायचे, मुलाला खोल पाण्यात कधी नेणार म्हणून विचारायचे. ती नेत नसे. पाण्यात तोंड बुडवून शांत राहता आलं पाहिजे, मध्येच घाबरलं तर काय करायचं ते अंगात मुरलं पाहिजे, मग खोल पाणी. एकदा एका मोठ्या व्यापाऱ्याने मुलाला तिच्याकडून काढून दुसरीकडे घातलं, कारण तिथे आठवड्यात पोहायला शिकवत होते. शैला मला म्हणाली होती, “शिकवणारा कसा आहे ते हुशार पोराकडे बघून कळत नाही गं. घाबरलेल्या पोराशी तो कसा वागतो, ते बघायचं.”

तलावावरच्या सकाळच्या बायकांनी कोकणची सहल ठरवली आणि त्यात समुद्राच्या तळाशी जाऊन मासे बघायचं निघालं. हवेचं नळकांडं पाठीला लावून, तोंडात नळी धरून. मृण्मयीला फार हौस, तीही धुळ्याहून त्यांच्यात सामील झाली. शैलाही निघाली. पुढचं सगळं मृण्मयीने मला नंतर तुटक तुटक सांगितलं.

शिकवणं म्हणजे होडीतच, इंजिनच्या आवाजात. तोंडाने श्वास घ्या, अंगठा वर केला की वर न्यायचं, झालं. दम्याचा त्रास आहे का, कुणी विचारलं नाही. उथळ पाण्यात सराव नाही. चष्म्यात पाणी शिरलं तर ते काढायचं कसं, ते दाखवलं नाही. एका शिकवणाऱ्याकडे एका वेळी चार बायका, आणि त्याच्या एका हातात कॅमेरा. शैलाने त्याला विचारलं, आत काय करायचं नाही ते सांगा. तो हसला. “मॅडम, तुम्हाला काहीच करायचं नाही. फक्त एन्जॉय करा.” बाकीच्याही हसल्या. शैलाने मृण्मयीला बाजूला घेऊन सांगितलं, याचं शिकवणं मला पटलेलं नाही, आपण नको जायला. पण मृण्मयीने पाठीला नळकांडं बांधून घेतलं होतं, आणि तेवीस वर्षांच्या मुलीचा हट्ट... शैला म्हणाली, मग मी तुझ्या शेजारी राहते.

खाली मृण्मयीच्या चष्म्यात पाणी शिरलं. ती घाबरली, तोंडातली नळी सुटली. शिकवणारा पलीकडे दोघींचं चित्रण करत होता. शैलाने मृण्मयीला काखेत धरलं आणि सरळ वर आणलं. होडीच्या शिडीपर्यंत ढकललं. “आधी हिला घ्या,” म्हणाली. मग तिच्या तोंडातून लालसर फेस आला आणि मान कलंडली. होडीत प्राणवायूचं साधं नळकांडंही नव्हतं.

ती बुडाली नव्हती, हे मला महिन्याभराने कळलं. नौदलातून निवृत्त झालेले एक पाणबुडे ओळखीतून भेटले. शवविच्छेदनाचा अहवाल वाचून त्यांनी तो मिटून बाजूला ठेवला. मग समजावून सांगितलं. खोल पाण्यात नळकांड्यातली हवा घेतली की वर येताना ती फुप्फुसात फुगत जाते. श्वास सोडत सोडतच वर यायचं असतं. धरून ठेवला तर फुप्फुस फाटतं. “ही आमच्याकडे पहिल्या दिवशीची पहिली गोष्ट असते, ताई. पाण्याला पाय लावायच्या आधीची.”

मृण्मयी किंचाळत वर आली, म्हणून वाचली. आणि शैला शांत होती. जन्मभर पाण्याखाली जे केलं आणि शेकडो मुलींना जे शिकवलं, तेच तिने केलं. तोंड मिटून श्वास धरला.

एक वाक्य. त्या माणसाने होडीत एक वाक्य सांगायचं होतं.

त्याचा धंदा थोडे दिवस बंद होता, आता पुन्हा सुरू आहे. आमच्या शिक्षिकांच्या खोलीत परवा एकीने तिथलीच जाहिरात दाखवून विचारलं, कसं आहे गं हे? मी म्हटलं, त्याला विचार, वर येताना श्वासाचं काय करायचं. हसला तर तशीच परत ये. ती ओशाळली, मोबाईल पर्समध्ये टाकला. तिचा दोष नव्हता. पण माझ्याने आता गोड बोलवत नाही.

शैलाची भाड्याची खोली आवरायला तिचे थोरले भाऊ रावेरहून आले होते. त्यांनी पेपरातलं ते कात्रण खिशात जपून ठेवलं होतं. माझ्यापुढे धरून म्हणाले, “माझ्या बहिनीले पोहता येत नव्हतं, असं लिहेल हाये यात. हे कोनाले सांगू मी?” आम्ही तिच्या साड्या बांधल्या, भांडी बांधली. मोरीजवळ एक निळा टब होता, त्यात मुलांचे पोहण्याचे चष्मे. तलावावर विसरलेले चष्मे ती घरी आणायची, गोड्या पाण्याने धुऊन वाळवायची आणि ज्याचा त्याला परत द्यायची. तो टब भाऊंनी मला दिला. म्हणाले, आमच्याकडे याचं काय काम.

टब आता देवपूरला आमच्या गॅलरीत आहे. मृण्मयी कधीकधी त्याच्यापाशी बसते. काल तिने त्यातला एक लहानसा चष्मा उचलला, धुतला, पट्टा ताणून बघितला आणि उन्हात वाळत ठेवला. स्वतः ती अजून पाण्यात उतरलेली नाही.