माप कोणतं शे?

"आकडा ऱ्हाऊ द्या भाऊ, माप कोणतं शे?" कुणी कुठलाही आकडा सांगितला की नाना चष्मा कपाळावर चढवून हेच विचारत.

नाना नरडाण्याचे निवृत्त विज्ञान शिक्षक, 'आहे'ला अहिराणी वळणाने 'शे' म्हणणारे. आमच्या दैनिकाच्या धुळे कार्यालयात दर बुधवारी ते आकाशावरचा लेख हाताने लिहून आणत. पुरवणीचं ते पान मी लावत असे.

एकदा वाटेतल्या कुणीतरी कार्यालय किती लांब ते विचारलं, तेव्हा आमचा शिपाई फोनवर म्हणाला, "आता अर्ध्या तासावर शे." नाना खुर्चीतून उठलेच. "बघा! अंतर विचारलं, यानं वेळ सांगितला. प्रकाशवर्ष तेच शे. प्रकाश वर्षभर चालून जेवढा लांब जाईल, तेवढं अंतर."

"आन् आपली एसटी वर्षभर चालली तर, नाना?" शिपायाने विचारलं.

"शिरपूर येईल."

एका बुधवारी लेखात व्याध ताऱ्याचं अंतर होतं : २.६ पार्सेक. पुढच्याच ओळीत खुलासा, एक पार्सेक म्हणजे सुमारे सव्वातीन प्रकाशवर्षं. ऐनवेळी जाहिरात आली, जागा कमी पडली. मी ती ओळ कापली. वाचकाला पार्सेक कळणार नाही म्हणून तिथे 'प्रकाशवर्षं' घातलं. आकडा तोच ठेवला.

चाळीसगावच्या नववीतल्या एका मुलीचं पत्र आलं. 'सर, सूर्य सोडला तर सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर, असं तुम्हीच लिहिलं होतं. मग व्याध त्याच्याही अलीकडे कसा?'

संपादकांनी विचारलं, "मूळ कॉपीत काय होतं?"

"असंच होतं," मी म्हणालो.

दुरुस्तीची चौकट मीच लिहिली : 'लेखकाच्या नजरचुकीने.'

पुढच्या बुधवारी नाना आले. मूळ लेखाची झेरॉक्स त्यांनी माझ्या टेबलावर पालथी ठेवली. संपादकांची केबिन चार पावलांवर होती.

"भाऊ, आकडा माझाच शे. माप कोणी बदललं?"

मी कीबोर्डकडे बघत राहिलो. नाना आवाज खाली आणून म्हणाले, "तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला यंदा दुसरे परीक्षक बोलावले. बारा वर्षं मी जायचो. मुख्याध्यापक म्हणे, नाना, आता तुम्ही आराम करा." ते हसले.

खिशातून त्यांनी एक पोस्टकार्ड काढलं. मुलीला उत्तर होतं, फळ्यावरच्यासारख्या टपोऱ्या अक्षरात. 'बेटा, तुझं बरोबर आहे. व्याध साडेआठ प्रकाशवर्षांवर आहे. चूक झाली ती अशी की,' आणि पुढे कोरं.

"पुढचं तुम्ही लिहा. पत्ता तुमच्याकडेच शे."

केबिनकडे न बघता ते जिना उतरले. नंतर लेख आला नाही, नानाही आले नाहीत. गेल्या वर्षी त्यांच्या निधनाची बातमी मीच चार ओळींत लावली. त्यातले आकडे दोनदा तपासले.

पोस्टकार्ड माझ्या खणात आहे. ती मुलगी एव्हाना कॉलेजात असेल. पत्ता तेवढा मी लिहिला आहे.