डालग्याखालची मिरची

परवा मिरचीचं पान बोटांत चुरगाळलं आणि त्या हिरव्या वासासरशी मी लिंबागणेशला, आमच्या परसात जाऊन पोहोचले. गावात नुकताच पिवळा एसटीडी बूथ आला होता आणि मी बीडला वनस्पतिशास्त्र शिकत होते. सुट्टीत घरी आले तर आईच्या मिरच्या बोकडलेल्या, पानं आकसून वाटीसारखी झालेली. "विषाणू आहे, औषध नाही," असं ऐटीत सांगून मी रोपं उपटून टाकली. एक मात्र आईनं कोंबड्यांच्या डालग्याखाली लपवलं आणि मी बीडला परतल्यावरच डालगं उचललं. दिवाळीत तिनं मला हाताला धरून तिथं नेलं. खालची पानं तशीच वाकडी होती, वरचा शेंडा मात्र लख्ख हिरवा. "आजारी लेकराला कुणी फेकून देतं का, बाई? लई झगडलंय ते," ती म्हणाली. आज मी विद्यार्थ्यांना तेच शिकवते: विषाणू शिरला की झाड आरएनएचे इवलेसे तुकडे तयार करतं, गरजेप्रमाणे ते वाढवतं, आणि ते रोगाच्या आधी शेंड्याला पोहोचून त्याला राखतात. काल हे सगळं आईला फोनवर कौतुकानं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग माझी ती अकरा रोपं कावून उपटलीस गं?"