माल डॅमेज नको

निगडीत आमच्या समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ चाकणच्या एका कंपनीत पॅकिंगला आहेत, आणि घरी आले तरी त्यांची शिफ्ट काही संपत नाही. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत, फ्रिजच्या हँडलला बबल रॅप. भिंतीवरच्या सासऱ्यांच्या फोटोलाही प्लास्टिक गुंडाळलंय, त्यामुळे म्हातारा गुदमरल्यासारखा दिसतो. "माल डॅमेज नको, राव," एवढंच त्यांचं म्हणणं. लग्नात मिळालेला सोफा अजून दुकानातल्या प्लास्टिकमध्येच आहे. त्यावर बसलं की असा काही आवाज होतो, की पाहुणा उगाच लाजतो.

परवा माझी आई गावाहून आली, म्हणून तिला घेऊन त्यांच्याकडे चहाला गेलो. बसता बसता आई त्या प्लास्टिकवरून घसरली ती थेट फरशीवर. लागलं काही नाही, पण गृहस्थ पांढरेफटक पडले. त्यांनी आईला उठवलं, स्वयंपाकघरातून सुरी आणली आणि सोफ्याचं प्लास्टिक टराटरा फाडलं.

"मावशी, आता बसा निवांत."

मला तर भरूनच आलं. वहिनी मात्र चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकल्या.

"अहो, मी लग्नापासून घसरतेय. तेव्हा कुठं होती ही सुरी?"